नगराची हद्द आणि विकासाची झळ : यवतमाळ जिल्ह्यातील नागरी विकासाचा ऐतिहासिक अभ्यास (इ.स. १८५३ ते २०२४)

प्रस्तावना

नागरीकरण आणि आर्थिक विकास या परस्परपूरक प्रक्रिया मानल्या जातात. बाजारपेठ, वाहतूक, शिक्षण आणि उद्योग यांच्या आधारे शहरे वाढतात व त्यांच्या वाढीमुळे आसपासच्या प्रदेशाला चालना मिळते, असे सामान्यतः म्हटले जाते. १९८७ मध्ये ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची संकल्पना मांडल्यानंतर आर्थिक वाढ, सामाजिक न्याय आणि पर्यावरण यांचा समतोल हा नियोजनाचा मान्य निकष ठरला. तथापि, हा समतोल नेमक्या कोणत्या क्षेत्राच्या मर्यादेत साधावयाचा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

शहराला हद्द असते. शहराच्या गरजांना हद्द नसते. पाणी, इंधन, कच्चा माल आणि मजूर हद्दीबाहेरून येतात. व्यापारातील नफा, जागेचे वाढलेले मोल आणि रोजगाराच्या संधी मुख्यत्वे हद्दीत राहतात. धूळ, सांडपाणी आणि कचरा यांचा मोठा भाग पुन्हा हद्दीबाहेर जातो. त्यामुळे हद्दीच्या आत पाहिले असता समतोल साधल्यासारखा वाटतो आणि हद्द ओलांडताच तो बिघडलेला दिसतो. यवतमाळ जिल्ह्याचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास या दृष्टीने विशेष बोलका आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे, गृहीतक व पद्धती

प्रस्तुत लेखाची तीन उद्दिष्टे आहेत : (१) यवतमाळ व वणी या शहरांच्या वाढीची ऐतिहासिक कारणे तपासणे, (२) या वाढीचा लाभ व तिची झळ यांची विभागणी कशी झाली, हे पाहणे, (३) विद्यमान घटनात्मक व्यवस्थेत या विभागणीवर कोणता उपाय उपलब्ध आहे, याचा विचार करणे. विकासाचा लाभ ज्या प्रशासकीय हद्दीत जमा झाला, त्या हद्दीबाहेर त्याची झळ पोहोचली आणि त्या झळीचा हिशेब ठेवणारी यंत्रणा प्रभावी झाली नाही, हे या लेखाचे गृहीतक आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून गॅझेटियर, जनगणना व विविध अधिनियम यांतील माहितीचा आधार घेण्यात आला आहे.

परगण्याचे गाव ते जिल्ह्याचे ठाणे

ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातील एका परगण्याचा उल्लेख ‘योत-लोहारा’ असा येतो. यातील ‘योत’ म्हणजे आजचे यवतमाळ आणि ‘लोहारा’ म्हणजे त्याच्या पश्चिमेस काही किलोमीटर अंतरावर असलेले गाव होय. ‘यवतमाळ’ या नावातील ‘माळ’ हा शब्द ‘महाल’चा अपभ्रंश मानला जातो. मोगलकालीन महसुली व्यवस्थेने जोडीने नोंदविलेली ही दोन गावे पुढे विलग झाली आणि एकविसाव्या शतकात पुन्हा एकत्र आली. या घटनाक्रमाचा विचार पुढे येईल.

१८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. १८६४ मध्ये वऱ्हाडचा आग्नेय भाग वेगळा करून स्वतंत्र जिल्हा निर्माण करण्यात आला व तो पुढे ‘वून’ म्हणजे वणी या नावाने ओळखला जाऊ लागला. जिल्ह्याचे नाव वणीचे असले तरी ठाणे यवतमाळ येथे होते. १९०५ च्या पुनर्रचनेत जिल्ह्याला यवतमाळचे नाव मिळाले आणि पुसद तालुका त्यास जोडण्यात आला.

यवतमाळची निवड प्रशासकीय सोयीची असली तरी भौगोलिकदृष्ट्या तिचे परिणाम दूरगामी ठरले. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर उंचीच्या पठारावर, वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांमधील उंचवट्यावर वसलेले आहे. मोठी नदी शहराजवळून वाहत नाही. येथील ओढे-नाले पाणी आणतात त्यापेक्षा वाहून नेतात. लहान परगण्याच्या गावाला विहिरी व तलाव पुरेसे होते. १९०१ च्या जनगणनेत नगराची लोकसंख्या १०,५४५ होती. लाखाच्या वर लोकसंख्या असलेल्या शहराची तहान भागविण्यास ही भूमी निसर्गतः सोयीची नव्हती. तथापि शहराच्या वाढीचा विचार करताना ही बाब दीर्घकाळ दुय्यमच राहिली.

कापूस, रस्ता आणि रेल्वे

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व मागणी आली. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. तिचा मार्ग आजच्या यवतमाळ जिल्ह्याच्या उत्तरेकडून गेल्यामुळे यवतमाळचा कापूस बैलगाड्यांनी धामणगाव स्थानकापर्यंत न्यावा लागे. धामणगाव–यवतमाळ हा पक्का रस्ता या शहराच्या व्यापाराचा कणा बनला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मूर्तिजापूर–यवतमाळ हा सुमारे ११३ किलोमीटरचा अरुंदमापी लोहमार्ग उभा राहिला. किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखालील या मार्गावरील गाडी पुढे ‘शकुंतला’ या नावाने लोकप्रिय झाली.

सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने, अडत दुकाने, सावकारी पेढ्या, वकिलांची घरे आणि शाळा यांतून यवतमाळचे नागरी स्वरूप घडले. मात्र या बाजारपेठेची रचना लक्षात घेणे आवश्यक आहे. कापूस शेतात पिकत होता, त्याची किंमत मुंबई व लिव्हरपूल येथील बाजारांत ठरत होती आणि शहर हे या दोहोंमधील दलाल होते. भाव चढले की शहराची भरभराट होई. भाव पडले की तोटा शेतकऱ्याच्या वाट्याला येई. शिवाय गाठ बांधून कापूस बाहेर जात असल्याने सूत व कापड यांतून निर्माण होणारे मूल्य जिल्ह्यात उरत नव्हते. १९७१ च्या अधिनियमान्वये सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने दलालीस काही काळ आळा घातला. पण कापूस पिकविणारा जिल्हा कापड विणणारा जिल्हा झाला नाही. १९९० च्या दशकात लोहारा औद्योगिक क्षेत्रात उभा राहिलेला रेमंडचा डेनिम कारखाना हा या दीर्घ इतिहासातील ठळक अपवाद होय.

जंगल सत्याग्रह : शहराने ओलांडलेली हद्द

ब्रिटिश राजवटीत वनक्षेत्रे राखीव झाल्याने गुरचराई, गवत व सरपण यांवर निर्बंध व शुल्क आले. नगरांना लागणारे लाकूड ठेकेदारांमार्फत येत राहिले. परंतु वनालगतच्या शेतकऱ्यास व आदिवासीस त्याच वनात जाण्यासाठी परवाना घ्यावा लागे. कोलाम, गोंड, परधान या समाजांच्या दृष्टीने हा उपजीविकेचा प्रश्न होता.

१९३० च्या सविनय कायदेभंग चळवळीत या प्रश्नास राजकीय वाचा फुटली. समुद्रकिनारा नसलेल्या वऱ्हाडात मिठाच्या कायद्यापेक्षा वनकायदा सामान्य माणसाला अधिक जवळचा होता. वणी येथे जन्मलेल्या आणि यवतमाळ येथे वकिली करणाऱ्या माधव श्रीहरी उपाख्य लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रहाचा आरंभ केला व त्यांना अटक झाली. जिल्ह्यात इतरत्रही सत्याग्रहाचे लोण पसरले.

स्वातंत्र्यलढ्याच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व सर्वमान्य आहे. नागरी इतिहासाच्या दृष्टीनेही तिचा एक अर्थ निघतो. ज्या शिक्षित व व्यापारी वर्गाची उपजीविका शहरातील कचेरी आणि बाजार यांवर अवलंबून होती, त्या वर्गाच्या नेतृत्वाने शहराबाहेरील गवत-सरपणाच्या प्रश्नाला आपला प्रश्न मानले. अर्थात या चळवळीच्या मर्यादाही होत्या. वनावरील हक्काचा मुद्दा स्वराज्याच्या मागणीत सामावला गेला आणि स्वातंत्र्यानंतर १९२७ चाच भारतीय वन अधिनियम लागू राहिला. आदिवासींच्या वनहक्कांना कायदेशीर मान्यता मिळण्यासाठी २००६ च्या अधिनियमापर्यंत वाट पाहावी लागली.

वणी : कोळशाचे अर्थकारण

वर्धा खोऱ्यातील कोळसाक्षेत्राचा तपशीलवार अहवाल भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांनी १८७७ मध्ये प्रसिद्ध केला. वर्धा नदीच्या पूर्वेस वरोरा येथे १८७१ पासूनच खाण सुरू होती. पश्चिमेकडील वणी भागात कोळसा असल्याचे ज्ञात असूनही वाहतुकीच्या अभावी त्याचे उत्खनन मागे राहिले. पुढे माजरीहून राजूरपर्यंत लोहमार्ग आला. राजूर परिसर कोळसा आणि चुन्याच्या भट्ट्या या दोन्हींसाठी ओळखला जाऊ लागला.

१९७३ मधील राष्ट्रीयीकरण आणि १९७५ मधील वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेडची स्थापना यांनंतर वणी परिसराचे चित्र पालटले. भूमिगत खाणींच्या जोडीस उकणी, निलजई, कोलारपिंपरी यांसारख्या खुल्या खाणी आल्या. खुल्या खाणीत उत्पादन खर्च कमी व उत्पादन अधिक असते. पण त्यासाठी कोळशावरील मातीचा सगळा थर काढावा लागतो. वर्धेकाठच्या काळ्या कसदार जमिनीची जागा मातीच्या ढिगाऱ्यांनी घेतली. खाणीत साचणारे पाणी सतत उपसावे लागत असल्याने आसपासच्या विहिरींची पातळी खालावण्याचा धोका निर्माण झाला. कोळशाच्या अवजड वाहतुकीची धूळ रस्त्यालगतच्या पिकांवर आणि वस्त्यांवर बसू लागली.

लाभाची विभागणी पाहता वणी शहराला बाजारपेठ, वाहतूक व्यवसाय, घरभाडे आणि नोकऱ्या मिळाल्या. खनिजावरील स्वामित्वधन राज्य शासनाकडे गेले. कोळसा औष्णिक वीज केंद्रांकडे गेला आणि तेथील वीज दूरच्या शहरांना व कारखान्यांना मिळाली. जमीनमालकास मोबदला आणि काही प्रमाणात नोकरी मिळाली. त्याच शेतावर राबणारा भूमिहीन मजूर मात्र सातबाऱ्यावर नाव नसल्याने सहसा कोणत्याच यादीत आला नाही.

येथेही हद्दीचा प्रश्न प्रकर्षाने जाणवतो. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक जाहीर केला, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह अतिप्रदूषित क्षेत्रांच्या अग्रभागी होते. वर्धा नदीच्या पलीकडील वणीचे स्वतंत्र नाव त्या यादीत नव्हते. कोळशाचे थर नदीच्या दोन्ही काठांखाली आहेत, वारा दोन्ही काठांवरून वाहतो. जिल्ह्याची सीमा मात्र नदीच्या पात्रातून जाते. २०१५ च्या सुधारणेने जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची तरतूद झाली आणि स्वामित्वधनाच्या प्रमाणात काही निधी बाधित क्षेत्रासाठी राखून ठेवणे बंधनकारक झाले. ही महत्त्वाची सुधारणा होय. तथापि २०२२ मध्ये मुकुटबन येथील सिमेंट कारखाना उत्पादनात आल्यावर खनिजाधारित उद्योगांचा पट्टा झरी जामणीसारख्या आदिवासीबहुल तालुक्यापर्यंत विस्तारला आहे. त्यामुळे या निधीच्या विनियोगाचा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे.

यवतमाळ : घटलेली लोकसंख्या, वाढलेले शहर

यवतमाळ शहराच्या अलीकडील इतिहासात जनगणनेने एक विलक्षण बाब नोंदविली आहे. २००१ मध्ये नगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १ लाख २० हजार होती. २०११ मध्ये ती सुमारे १ लाख १६ हजार झाली. याच दशकात जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २४.५८ लाखांवरून २७.७२ लाखांवर गेली. आकडे वरवर पाहणाऱ्यास शहर आकसले असे वाटेल. प्रत्यक्षात शहर वाढले होते. ते आपल्या हद्दीबाहेर वाढले होते. लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव, पिंपळगाव, भोसा या लगतच्या ग्रामपंचायतींच्या क्षेत्रांत नव्या वसाहती उभ्या राहिल्या.

याची कारणे समजण्याजोगी आहेत. ग्रामपंचायत क्षेत्रात जागा स्वस्त होती, कराचा भार कमी होता आणि बांधकामावरील नियंत्रण शिथिल होते. नोकरदार, शिक्षक व खेड्यांतून मुलांच्या शिक्षणासाठी आलेली शेतकरी कुटुंबे यांनी तेथे घरे बांधली. शेतजमिनीचे भूखंड पडले, ओढ्यांच्या काठांवर बांधकामे झाली. या वसाहतींतील रहिवासी शहरात कमावीत, शहरातील रस्ते व रुग्णालये वापरीत आणि कर मात्र ग्रामपंचायतीस देत. दुसऱ्या बाजूस, ग्रामपंचायतींकडे मलनिस्सारण, नळयोजना किंवा विकास आराखडा राबविण्याची ताकद नव्हती. लाभ व जबाबदारी यांची फारकत येथे शहरी मध्यमवर्गाच्याच वाट्याला आली.

अखेर २०१६ च्या नगरपालिका निवडणुकीपूर्वी या ग्रामपंचायती नगरपालिकेत विलीन करण्यात आल्या. परगण्याच्या नावात एकत्र असलेले यवत व लोहारा अशा रीतीने पुन्हा एका कारभाराखाली आले. परंतु हद्दवाढ ही वाढीच्या आधी नव्हे, तर वाढीनंतर झाली. वसाहती आधी, रस्ते नंतर. कूपनलिका आधी, जलवाहिनी नंतर, असा हा क्रम होता.

२०१८ ची पाणीटंचाई

या उलट्या क्रमाची किंमत २०१८ च्या उन्हाळ्यात दिसून आली. यवतमाळ शहराचा पाणीपुरवठा निळोणा व चापडोह या दोन लहान धरणांवर अवलंबून होता. २०१७ चा पावसाळा अपुरा गेल्यावर दोन्ही धरणांनी तळ गाठला. शहरातील अनेक भागांत पंधरा-वीस दिवसांनी एकदा पाणी येऊ लागले. टँकर हाच नळ झाला. ज्यांच्या अंगणात खोल कूपनलिका होती, त्यांचे दिवस निभावले. झोपडपट्टीतील व भाड्याच्या खोलीतील कुटुंबांना पाण्यासाठी रोजगार बुडवून रांगेत उभे राहावे लागले. विशेषतः स्त्रियांवर याचा भार पडला.

बाभूळगाव तालुक्यातील बेंबळा प्रकल्पातून पाणी आणण्याची सुमारे ३०० कोटी रुपयांची योजना अमृत अभियानाअंतर्गत हाती घेण्यात आली होती. तिचे काम रेंगाळले आणि चाचणीत जलवाहिनी फुटण्याचे प्रसंगही घडले. तांत्रिक अडचणी कालांतराने दूर होऊ शकतात. त्यामागील सामाजिक प्रश्न मात्र अधिक गंभीर आहे. बेंबळा हा मुख्यत्वे सिंचन प्रकल्प आहे. बाभूळगाव, कळंब, राळेगाव, मारेगाव या तालुक्यांतील कोरडवाहू कापूस उत्पादकांना पाणी देण्यासाठी तो उभारला गेला आणि त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगास आणि त्यानंतर शेतीस प्राधान्य होते. २०११ मध्ये शेतीस दुसरे स्थान देण्यात आले. पिण्याच्या पाण्याच्या अग्रक्रमास कोणाचाही विरोध असू शकत नाही. परंतु शहर पिण्यासाठी म्हणून जे पाणी आणते, त्यातून बांधकामे, वाहने धुणे आणि हॉटेल व्यवसाय यांची गरजही भागते. शिवाय त्या पाण्याचे सांडपाणी होऊन खालच्या गावांकडे जाते. अग्रक्रमाबरोबर मापही असले पाहिजे, हा विचार या योजनांच्या आखणीत ठळकपणे आढळत नाही.

कचऱ्याच्या बाबतीतही हीच स्थिती आहे. शहराचा कचरा सावरगड परिसरात टाकण्यावरून ग्रामस्थ आणि नगरपालिका यांच्यात वाद उद्भवले. शहर स्वच्छ ठेवण्याचा उपाय गावाच्या शिवारात शोधला गेला, हा त्यातील मूळ प्रश्न होय.

घटनात्मक व्यवस्था आणि तिचा उपयोग

७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय नमूद केले. नगरनियोजन, आर्थिक व सामाजिक विकास, पाणीपुरवठा आणि पर्यावरणाचे संरक्षण हे चारही विषय त्यात आहेत. समतोलाची कल्पना कायद्यात आहे. पण ती नगरपालिकेच्या हद्दीपुरती आहे.

याच घटनादुरुस्तीतील अनुच्छेद २४३ झेडडी याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. या अनुच्छेदान्वये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती असणे आवश्यक आहे. पंचायती व नगरपालिका यांच्या सामाईक हिताचे विषय, पाणी व इतर नैसर्गिक साधनसंपत्तीचे वाटप आणि पर्यावरण संवर्धन यांचा विचार करून संपूर्ण जिल्ह्याचा विकास आराखडा तयार करणे हे तिचे कर्तव्य आहे. समितीचे चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिका यांच्या निर्वाचित सदस्यांमधून, ग्रामीण व नागरी लोकसंख्येच्या प्रमाणात निवडले जावयाचे असतात. २०११ मध्ये यवतमाळ जिल्ह्याची नागरी लोकसंख्या सुमारे २१.६ टक्के होती. म्हणजेच या समितीत ग्रामीण भागाचा आवाज मोठा असणे अभिप्रेत आहे. महाराष्ट्राने यासाठी १९९८ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. व्यवहारात मात्र समितीच्या बैठका प्रामुख्याने वार्षिक निधीच्या मंजुरीसाठी व खर्चाच्या आढाव्यासाठी ओळखल्या जातात. शहर व खेडे यांच्यातील पाणी, कचरा आणि जमीन यांचा हिशेब जेथे मांडता आला असता, ते व्यासपीठ अस्तित्वात असूनही पुरेसे वापरले गेले नाही.

निष्कर्ष

१. यवतमाळ शहराची वाढ प्रशासन व कापूस व्यापार यांमुळे, तर वणीची वाढ मुख्यत्वे कोळशामुळे झाली. दोन्ही ठिकाणी वाढीचे साधन हद्दीबाहेरचे आणि लाभाचे केंद्र हद्दीतील राहिले.

२. हद्दवाढ व पाणीपुरवठा हे निर्णय नियोजनाचा भाग म्हणून नव्हे, तर संकटावरील उपाय म्हणून घेतले गेले.

३. झळ सोसणारे घटक बहुधा कागदोपत्री नोंद नसलेले आहेत : भूमिहीन मजूर, भाडेकरू, झोपडपट्टीवासी आणि आदिवासी.

४. १९३० च्या जंगल सत्याग्रहात नागरी नेतृत्वाने ग्रामीण साधनसंपत्तीच्या प्रश्नाशी स्वतःस जोडून घेतले होते. पुढील काळात हा दुवा क्षीण झाला.

उपाययोजना

जिल्हा नियोजन समितीने जिल्ह्यातील प्रत्येक नगरपालिकेचा वार्षिक जलहिशेब तयार करून घ्यावा व त्यात सांडपाण्याच्या पुनर्वापराचे उद्दिष्ट ठरवावे. शहराला पाणी देणाऱ्या आणि शहराचा कचरा स्वीकारणाऱ्या गावांना नगरपालिकेच्या उत्पन्नातून निश्चित वाटा मिळावा. खनिज प्रतिष्ठानाच्या निधीतून खाणबाधित गावांतील भूमिहीन कुटुंबांना अग्रक्रम द्यावा. शहरालगतच्या ग्रामपंचायतींत वसाहती उभ्या राहण्यापूर्वी ओढे व उताराच्या जमिनी आराखड्यात राखून ठेवाव्यात.

समारोप

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा–यवतमाळ–नांदेड या लोहमार्गाच्या वर्धा ते कळंब टप्प्याचे उद्घाटन झाले. शकुंतलेची शिट्टी थांबल्यानंतर यवतमाळ शहर आता रुंदमापी रेल्वेची प्रतीक्षा करीत आहे. रेल्वेबरोबर जमिनींचे भाव, गोदामे, नव्या वसाहती आणि नवे उद्योग येतील, यात शंका नाही. वाहतूक आली की शहर वाढते, हे या जिल्ह्याने कापसाच्या आणि कोळशाच्या काळात अनुभवले आहे. त्या वाढीला लागणारे पाणी कोणाच्या वाट्यातून येणार आणि तिचा मळ कोणाच्या शिवारात जाणार, हे प्रश्न त्या दोन्ही वेळी उशिरा विचारले गेले. नव्या लोहमार्गाचे काम पूर्ण होण्याआधी ते विचारण्याची संधी जिल्ह्यास अद्याप आहे.